रिम लाइट: किनार, प्रभावळ की पार्श्वप्रकाश?

प्रश्न असा आला आहे: ‘गॅरीज मॉडमध्ये बाहुल्या उभ्या करून मी दृश्यं रचतो. मागून लॅम्प लावला की खांद्याच्या, केसांच्या कडेने उजेडाची बारीक रेघ उमटते. त्या रिम लाइटला मराठीत काय म्हणायचं? पार्श्वप्रकाश चालेल का?’

गॅरीज मॉड हा संगणकावरचा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. २००४ साली ‘हाफ-लाइफ २’ या दुसऱ्या खेळाचा मॉड, म्हणजे त्यात फेरफार करून केलेली आवृत्ती, म्हणून तो आला आणि २००६पासून विकत मिळू लागला. जिंकणं-हरणं काही नाही. पात्रं हवी तशी वाकवायची, हवेत गोठवायची, दिवे लावायचे आणि चित्र टिपायचं.

‘पार्श्वप्रकाश’ मला पटत नाही. पार्श्व म्हणजे मुळात कूस, बाजू. पार्श्वभूमी आणि पार्श्वसंगीत या शब्दांनी त्याला ‘मागचं’ हा अर्थ चिकटवला. तुम्ही ‘पार्श्वप्रकाश’ म्हणालात तर एखादा दिवा बाजूला लावेल, एखादा मागच्या भिंतीवर, आणि दोघांनाही चूक म्हणता येणार नाही.

खरी अडचण वेगळी आहे. इंग्रजीत दिवाही रिम लाइट आणि त्याने उमटलेली रेघही रिम लाइट. मराठीत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की शब्द आपोआप सापडतात. दिवा तो ‘मागचा दिवा’, आणि रेघ ती ‘किनार’. ‘मागचा दिवा जरा वर घे, खांद्याला किनार येऊ दे’ हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. (ढगाची रुपेरी किनार इंग्रजीतून आली असेल, पण किनार हा शब्द आपल्या लुगड्याचाच आहे.)

दिवा तिरका असला की एकाच अंगाला किनार येते. तोच बरोबर डोक्यामागे लपवला तर केस चहूबाजूंनी उजळतात. त्याला मी बेधडक ‘प्रभावळ’ म्हणेन. देवाच्या मूर्तीमागची पितळी कमान ज्याने पाहिली आहे त्याला वेगळं चित्र काढून दाखवायला नको.

या खेळात दोन हत्यारं आहेत, लाइट आणि लॅम्प. लाइट सगळीकडे सारखा पसरतो आणि त्याची सावली पडत नाही. लॅम्प एका दिशेला प्रकाश फेकतो आणि सावली पाडतो. पहिल्याने ‘उजेड’ होतो, दुसऱ्याचा ‘झोत’ पडतो. उजेड करतात, झोत टाकतात, क्रियापदंसुद्धा वेगळी. मुख्य झोताने चेहऱ्याची एक बाजू काळी पडली की तिथे मंद उजेड करतात, त्या फिल लाइटला मात्र मला मनाजोगता शब्द मिळालेला नाही. ‘भरणीचा दिवा’ म्हटलं की लोणच्याची बरणी आठवते. तूर्त ‘सावली फिकी करणारा दिवा’ असं लांबलचक म्हणतो.

लॅम्पच्या काचेवर नक्षी निवडता येते, तीत खिडकीची नक्षीही आहे. ती लावल्यावर भिंतीवर चौकटी उमटतात, तो ‘कवडसा’. कौलाच्या फटीतून येऊन शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडणारा, मांजर ज्याच्यावर पंजा मारतं तोच. पुष्कळजण यालाच ‘तिरीप’ म्हणतात, पण माझ्या कानाला तिरीप म्हणजे तिरकी येणारी किरणांची रेघ आणि कवडसा म्हणजे ती जिथे पडते तिथला तुकडा. गंमत अशी की या खेळातला लॅम्प हवेतली धूळ उजळत नाही, त्यामुळे कवडसा फुकट मिळतो आणि तिरीप दाखवायची तर वेगळी खटपट करावी लागते.

या सगळ्या कामाला मिळून काय म्हणायचं, हेही विचारलं आहे. नाटकवाल्यांचा ‘प्रकाशयोजना’ आहेच, तो उचला. श्रेयनामावलीत तो शोभतो. दिवा हलवताना मात्र ‘उजेड’च तोंडात येतो.