गंगेकाठी घर, पण किती अंतरावर?

प्रश्न : माझ्या पतींची नाशिकला बदली झाली आहे. पंचवटीत गोदाघाटाला लागूनच घर घ्यावे आणि आपल्याला रोज रामकुंडावर स्नान घडावे, अशी सासूबाईंची इच्छा आहे. एका जुन्या वाड्याचा तळमजला भाड्याने मिळत आहे. तो घ्यावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पंचवटीत जरूर राहा, तळमजल्याचा विचार मात्र सोडून द्या. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात आणि गंगेला पूर आला की तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत चढले, अशा बातम्या पावसाळ्यात घरोघरी पोहोचतात. वरच्या अंगाला असलेले गंगापूर धरण भरत आले की विसर्ग वाढवला जातो आणि मारुती बुडू लागला की पलीकडच्या सराफ बाजारातले, भांडी बाजारातले दुकानदार माल हलवू लागतात. म्हणून २००८ आणि २०१९ च्या पुरात पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे घरमालकाला नव्हे, तर शेजारच्या दुकानदाराला विचारा. ‘आपल्याकडे कधीच येत नाही’ असे घरमालक सांगतातच! वाड्याला महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आलेली नाही ना, याचीही खात्री करून घ्या.

काळाराम मंदिराचा परिसर घाटापेक्षा उंचावर आहे आणि तिथून रामकुंड चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमच्या मते घर तिथे पाहावे. येताना चढ लागतो, तेवढा सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करावा.

रोजच्या स्नानाविषयी थोडे स्पष्ट लिहितो. रामकुंडात अस्थिविसर्जन होते आणि दशक्रियेसाठी गावोगावची कुटुंबे तिथे येतात, त्यामुळे सकाळ जसजशी वर येते तसतशी गर्दी वाढते. पितृपक्षात तर उभे राहायला जागा नसते. सासूबाईंनी उजाडताच जावे, शेवाळलेल्या पायऱ्यांवर कुणाचा तरी हात धरावा आणि पाणी डोक्यावर घ्यावे, पण आचमन घरच्या तांब्यातल्या पाण्याने करावे. कपालेश्वराचे दर्शन त्याच फेरीत होते. शंकराचे देऊळ असूनही इथे समोर नंदी नाही, हे त्यांना आवर्जून दाखवा. बुधवारी मात्र पिशवी बरोबर असू द्या, कारण त्या दिवशी घाटावर आठवडे बाजार भरतो.

राहिला सिंहस्थ. त्याच्या मुख्य पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी स्नान करतात. २०१५ मध्ये पर्वणीच्या दिवशी बाहेरगावच्या गाड्या शहराबाहेरच थांबवल्या होत्या. घाटाजवळ घर म्हटल्यावर तुमच्याकडे नातलगांची रीघ लागणार, हे नक्की. सिंहस्थाचा काळ बराच मोठा असतो आणि पर्वणीखेरीज इतर दिवशीही स्नान करता येते, हे त्यांना आतापासूनच कळवून ठेवा.