'सजेस्ट'नंतर काय येते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

इंग्रजी क्रियापदांविषयी येणाऱ्या पत्रांत 'सजेस्ट' पुन्हा पुन्हा भेटते. 'सुचवणे' हा अर्थ सगळ्यांना पाठ असतो, वाक्य मात्र चुकते. म्हणून या वेळी उत्तरे त्याच्यापुरतीच.

प्रश्न : 'प्लीज सजेस्ट मी अ गुड बुक' असे सगळेच लिहितात, पण सर चूक म्हणतात. 'गिव्ह मी' चालते, मग 'सजेस्ट मी' का नाही? (लातूर)

सर बरोबर आहेत. मराठीत 'मला पुस्तक दे' आणि 'मला पुस्तक सुचव' यांची घडण एकच, म्हणून हात आपोआप तसा वळतो. इंग्रजीत 'गिव्ह', 'सेंड', 'टेल', 'शो' यांच्यानंतर माणूस थेट येऊ शकतो. 'सजेस्ट', 'एक्स्प्लेन', 'डिस्क्राइब' यांच्यानंतर आधी गोष्ट येते, आणि माणूस आलाच तर 'टू' घेऊन येतो. 'कॅन यू सजेस्ट अ गुड बुक?' एवढे पुरते. 'टू मी' बहुतेक वेळा लागतही नाही. 'एक्स्प्लेन मी धिस सम' ही याच घरची चूक.

कोणत्या क्रियापदानंतर काय चालते, हे अर्थावरून कळत नाही. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी विद्यार्थ्यांची हीच अडचण ओळखली आणि क्रियापदांच्या रचना देणारा कोश सहकाऱ्यांसह तयार केला. तो १९४२ मध्ये तोक्योत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. आजचे लर्नर्स कोश, म्हणजे भाषा शिकणाऱ्यांसाठीचे कोश, त्याच वाटेने जातात. तसा एक घरात ठेवा.

प्रश्न : उच्चार 'सजेस्ट' की 'सग्जेस्ट'? (चिपळूण)

दोन्ही बरोबर. पहिला ब्रिटिश, दुसरा अमेरिकेत जास्त ऐकू येणारा.

प्रश्न : 'शी सजेस्टेड दॅट ही गो' यात 'गोज' किंवा 'वेंट' हवे ना? 'सजेस्टनंतर नेहमी क्रियापदाचे मूळ रूप' असाही एक मेसेज फिरतो आहे. (सांगली)

तुमचे वाक्य बरोबर आहे, तो मेसेज अर्धाच बरोबर आहे. असे अर्धवट नियम पुढे ढकलण्याआधी कोणी कोश उघडत नाही आणि भुर्दंड परीक्षेला बसणाऱ्याला पडतो.

'सजेस्ट'चे दोन अर्थ वेगळे ठेवा. एक, कोणीतरी काही करावे असे सुचवणे. तिथे मूळ रूप येते : 'ही गो', 'शी बी टोल्ड'. ब्रिटिश वळणाने 'ही शुड गो' लिहिले तरी चालते. नकार असेल तर 'ही नॉट गो'. दोन, एखाद्या खुणेवरून काही दिसणे, वाटणे. तिथे नेहमीचा काळ येतो : 'हिज पेल फेस सजेस्टेड दॅट ही वॉज इल'. इथे 'ही बी इल' लिहिले तर वाक्य फसते, कारण चेहरा कोणाला आजारी पडायला सुचवत नाही.

ओळखायची युक्ती मराठीतच आहे. वाक्यात '…ावे असे सुचवले' बसत असेल तर मूळ रूप, '…वरून असे दिसते' बसत असेल तर साधा काळ. आणि 'सजेस्टेड टू गो' कधीच नाही; 'सजेस्टेड गोइंग'.

प्रश्न : आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा बारा दिवसांवर आहे. क्लासने 'सजेस्ट'च्या ४० समानार्थी शब्दांची यादी दिली आहे आणि 'साधा शब्द दिसला की बदला' असे सांगितले आहे. ती पाठ करू का? (पुणे)

करू नका. यादी बाजूला ठेवा.

समानार्थी म्हणजे एकाच्या जागी दुसरा बसवता येईल असा शब्द, ही समजूत सर्वात जास्त नुकसान करते. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी १८५२ मध्ये आपला थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा कोश, छापला तो कल्पनांच्या गटांनी, ज्याला भाषा येते पण ऐन वेळी शब्द आठवत नाही अशा माणसासाठी. त्यातला गट म्हणजे शेजार; शेजारी आहेत म्हणून सगळ्यांच्या घराला एकच किल्ली लागत नाही.

'सजेस्ट'च्या शेजाऱ्यांकडेच बघा. 'अ‍ॅडव्हाइज'मध्ये सांगणाऱ्याला त्या विषयातले कळते असे गृहीत असते, आणि त्यानंतर माणूस थेट येतो : 'अ‍ॅडव्हाइज्ड मी टू वेट'. 'रेकमेंड' म्हणजे शिफारस, गोष्ट चांगली आहे हे पारखून सांगणे. 'प्रपोज' सभेत, निर्णयासाठी मांडायचे. शिवाय 'प्रपोज टू लीव्ह' म्हटले तर जाण्याचा बेत आहे असा अर्थ होतो. 'हिंट' म्हणजे मुद्दाम आडून सांगणे, 'इन्सिन्युएट' म्हणजे आडून वाईट सांगणे. 'अर्ज' म्हणजे आग्रह. 'इंडिकेट' फक्त दुसऱ्या, खुणेच्या अर्थाशी जुळतो.

आता यादीच्या आज्ञेप्रमाणे 'द डेटा सजेस्ट्स अ राइज' मध्ये शब्द बदला. 'द डेटा अ‍ॅडव्हाइजेस अ राइज' झाले. आकडे सल्ला देऊ लागले! परीक्षक इथे गुण कापणार. लेखनाच्या चार निकषांपैकी शब्दसंपत्ती हा एक, वजन २५ टक्के. त्यात शब्द नेमका आहे का, शेजारच्या शब्दांशी जुळतो का, हेही बघतात. परीक्षेच्या अ‍ॅकॅडमिक प्रकारात लेखनाच्या पहिल्या टास्कमध्ये, जिथे किमान १५० शब्दांत आलेखाचे वर्णन करायचे असते, तिथे दिसते तेवढेच लिहायचे. तिथे साधे 'शोज' पुरते. 'सजेस्ट्स' वापरले की तुम्ही निष्कर्ष काढायला लागता.

'बँड नऊचे', म्हणजे सर्वोच्च श्रेणीचे, शब्द म्हणून विकल्या जाणाऱ्या छापील याद्यांचा मला राग येतो, कारण त्यात शब्द असतात, वाक्ये नसतात. रोज फक्त दोन क्रियापदे घ्या. प्रत्येकाला वहीचे एक पान द्या. कोशातून तीन वाक्ये उतरवा, क्रियापदानंतर जे आले त्याखाली रेघ मारा, मग त्याच साच्यात स्वतःची दोन लिहा. बारा दिवसांत चोवीस क्रियापदे होतात, आणि ती चुकणार नाहीत. ही तयारी तीन महिने आधी सुरू व्हायला हवी होती. आता निदान दोन निबंध पूर्ण लिहून जाणत्या शिक्षकाकडून तपासून घ्या, या आठवड्यातच.

प्रश्न : आईच्या एक्सरेच्या रिपोर्टवर 'फाइंडिंग्ज सजेस्टिव्ह ऑफ' आणि पुढे आजाराचे नाव आहे. म्हणजे आजार आहेच का? (नाशिक)

भाषेपुरते सांगतो : 'तसे असावे असे या चित्रावरून वाटते'. खात्री झाल्याचे हे शब्द नव्हेत, आणि काही नसल्याचेही नव्हेत. खाली 'क्लिनिकल कोरिलेशन' लिहिले असेल तर त्याचा अर्थ, रुग्णाची लक्षणे आणि तपासणी यांच्याशी हे जुळवून बघावे. ते काम डॉक्टरांचे. शब्दांचा अर्थ शोधत दिवस घालवू नका, रिपोर्ट घेऊन उद्याच जा.

प्रश्न : परिपत्रकातल्या 'सूचना' या शब्दासाठी 'सजेशन्स' लिहिले तर साहेबांनी खोडले. का? (नागपूर)

कारण 'सूचना' मराठीत तीन कामे करते. 'उमेदवारांसाठी सूचना' म्हणजे 'इन्स्ट्रक्शन्स', त्या पाळायच्याच असतात. फळ्यावर लावलेली सूचना म्हणजे 'नोटिस'. 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' आणि 'तक्रार व सूचना पेटी' यांतच फक्त 'सजेशन्स'. आज्ञेला 'सजेशन' म्हटले की न पाळणाऱ्याला पळवाट मिळते. परिपत्रकावरून कारवाई होणार असेल तर इंग्रजी मसुदा सहीआधी विधी शाखेला दाखवा.

प्रश्न : 'अ‍ॅडव्हाइसेस' बरोबर का? (बेळगाव)

सल्ला या अर्थी नाही. 'सम अ‍ॅडव्हाइस' किंवा 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस'. उच्चारात शेवटी 'स' आला की नाम ('अ‍ॅडव्हाइस'), 'झ' आला की क्रियापद ('अ‍ॅडव्हाइज').

प्रश्न : 'मला कल्पना सुचली' यासाठी 'अ‍ॅन आयडिया सजेस्टेड टू मी' चालेल? (मडगाव)

नाही. 'अ‍ॅन आयडिया अकर्ड टू मी' लिहा. 'सजेस्ट'च हवे असेल तर 'अ‍ॅन आयडिया सजेस्टेड इटसेल्फ टू मी'. त्यातले 'इटसेल्फ' गाळू नका.