लाकूडकाम घरच्या घरी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बडोद्यात गोत्रीला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. नोकरी मकरपुऱ्याच्या कंपनीत, सगळी कॉम्प्युटरसमोरची. स्वतः केलेली एक तरी लाकडी वस्तू घरात असावी असं फार वाटतं. दहा हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. ऑनलाइन एक संच पाहिला: ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ आणि सोबत शंभरावर सुटे भाग. घेऊ का?

उत्तर: घेऊ नका. ते शंभर भाग म्हणजे बहुतेक स्क्रूड्रायव्हरची टोकं आणि ड्रिलची बिटं. त्यातली पाच-सहा तुमच्या हाताला लागतील, बाकीची डब्यात गंजतील. आणि लाकडासाठी ग्राइंडर तर घरात आणूच नका. त्याला दातेरी पातं लावून लाकूड कापताना तुम्ही मिस्त्रींना पाहिलं असेल. पण ते यंत्र धातू घासायला केलेलं आहे. लहान ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो, आणि पातं लाकडात अडकलं की अख्खं यंत्र हातातून उसळतं. या एका बाबतीत मी कुणाची सबब ऐकत नाही.

पहिली खरेदी गुण्याची करा, म्हणजे काटकोन आखायच्या हत्याराची. माझे वडील इथल्या कलाभवनात सुतारकाम शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेली ती संस्था, आता विद्यापीठाची टेक्नॉलॉजी शाखा झाली आहे. वडिलांनी माझ्या हातात दिलेलं पहिलं हत्यार गुण्याच होतं. घेताना दुकानातच तपासायचा: सरळ कडेच्या फळीला टेकवून पेन्सिलीने एक रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी मारा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या काटकोनात आहे. वर जाताना फाकल्या तर परत ठेवा, मग तो कितीही नावाजलेल्या कंपनीचा असो. दुकानदार जरा वैतागेल, वैतागू द्या. मोजपट्टीचा पुढचा आकडा किंचित हलतो म्हणून मात्र ती टाकून देऊ नका. तो हलायलाच हवा. स्वतःच्या जाडीइतका तो पुढेमागे सरकतो, म्हणून आतलं आणि बाहेरचं दोन्ही माप बरोबर येतं.

करवत एकच घ्या, दहा-बारा इंची, पाठीवर पितळेची किंवा लोखंडाची पट्टी असलेली. पट्टीमुळे पातं वाकत नाही आणि शिकणाऱ्याचा काप सरळ जातो. लाकडात खाचा पाडायच्या पटाश्या दोन पुरतील, १२ आणि २५ मिलिमीटरच्या. सहाची पुढे लागेल तेव्हा बघू. पटाशीवर मारायला लाकडी मोगरी, लोखंडी हातोडी नव्हे. साधारण नऊ इंची लोखंडी रंधा. चार एफ क्लॅम्प, कारण डिंकाने जोडलेलं लाकूड सुकेपर्यंत कुणीतरी धरून ठेवायला हवं आणि फ्लॅटमध्ये तेवढे हात नसतात. वायरचा १३ मिलिमीटरचा एक साधा ड्रिल. त्यात हॅमरची सोय असली तर भिंतीला फळी टांगायलाही तोच चालेल. कापताना आणि भोकं पाडताना डोळ्यांना चष्मा, घासताना नाकाला मास्क. लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं छातीत गेला तर खरंच अपाय करतो, आणि सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाजही सुटते.

शेवटी धार लावायचं सामान. त्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिते. दहा हजारांत एवढं बसायला हवं. नाहीच बसलं तर रंधा पुढच्या महिन्यावर ढकला, धारेचं सामान ढकलू नका.

टेबल नाही म्हणून अडू नका. आपले जुने सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरून दारं-खिडक्या करत आले आहेत. तुम्हाला बसून जमत नसेल तर जड, न डगमगणारं कुठलंही जुनं टेबल चालेल. पहिल्यांदा त्याच्यासाठी आधाराची फळी करा: १९ मिलिमीटर प्लायचा फूटभर लांब, आठ इंच रुंद तुकडा, एका टोकाला वरून आडवी पट्टी, दुसऱ्या टोकाला खालून. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवून कापायचं. चार काप, दोन जोड, आणि जन्मभर वापरात राहणारी वस्तू. तुमची घरातली पहिली वस्तू ही असू द्या. त्यानंतर पाट करा. सोसायटीत ठोकाठोकीवरून कुरबुर होते, म्हणून पटाशीचं काम दुपारच्या झोपेची वेळ सोडून करा.

प्रश्न: नवीकोरी पटाशी आणली, चांगल्या कंपनीची. पण ती कापत नाही, लाकूड चेंगरते. बदलून घ्यावी का? (मांजलपूरहून एक वाचक)

उत्तर: बदलू नका, तिला धार लावा. पटाशी कारखान्यातून येते ती घासलेली असते, धारेची नसते. धार लावणं हे तुमचं काम आहे आणि ते शिकल्याशिवाय लाकूडकामाची मजा कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

काचवाल्याकडून कडा घासलेला जाड काचेचा तुकडा आणा. त्यावर पाण्याचा पॉलिश पेपर, काळा येतो तो, पाण्याने चिकटवा. नंबर ४००, मग ८००, १००० आणि शेवटी २०००. सुरुवात पटाशीच्या सपाट पाठीपासून करा. इथेच बहुतेक जण चुकतात आणि नुसती उतरती बाजू घासत बसतात. पाठ काचेवर पूर्ण टेकवून टोकाकडचा इंचभर भाग घासा. आधी कडेकडेने चमकेल, मधे मळकट राहील. तो मळकट पट्टा टोकापर्यंत नाहीसा झाला, की पुढच्या नंबरावर जायचं. २००० वर पोचाल तेव्हा पाठीत खिडकीची चौकट दिसली पाहिजे. हे प्रत्येक पटाशीला एकदाच करावं लागतं.

मग उतरती बाजू. २५ अंशांचा उतार कारखान्याने दिलेला असतो. तो कागदावर नीट टेकवा, मूठ किंचित उचला म्हणजे ३० अंश होतील, आणि मागे ओढत घासा. मनगट हलवायचं नाही, खांद्यातून ओढायचं. थोड्या वेळाने पाठीवरून अंगठा टोकाच्या बाहेरच्या दिशेने हलकेच फिरवा. कडेला बारीक खरखर लागेल, ती कड पलीकडे दुमडल्याची खूण. ती टोकभर सारखी लागली की बारीक कागदावर या, आणि शेवटी पाठ पुन्हा काचेवर टेकवून ती खरखर काढा.

पारख पाइनच्या तुकड्याच्या आडव्या कापावर करा, जिथे रेषांची तोंडं दिसतात. मऊ लाकूड तिथे बोथट पटाशीखाली चुरतं. धार बरोबर असेल तर पातळ पापुद्रा निघतो आणि खाली राहिलेला भाग गुळगुळीत असतो. त्यानंतर काम करता करता दर पंधरावीस मिनिटांनी २००० च्या कागदावर चार हात फिरवा. रंध्याच्या पात्यालाही हाच विधी.

प्रश्न: गेल्या श्रावणात गणपतीसाठी सागवानाचा चौरंग केला. वर तीन फळ्या जोडलेल्या, खाली दोन आडव्या पट्ट्या फेव्हिकॉल आणि स्क्रूने पक्क्या. या मार्चमध्ये वरची फळी मधोमध तडकली. लाकूड खराब होतं का? (दांडिया बाजारातून एक वाचक)

उत्तर: लाकडाचा दोष नाही. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र हवेच्या ओलाव्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं. श्रावणात बडोद्याची हवा दमट, म्हणून तुमच्या फळ्या फुगलेल्या होत्या. फाल्गुनात हवा कोरडी झाली, फळ्या आकसू लागल्या, आणि खालच्या पट्ट्यांनी त्यांना दोन्हीकडून धरून ठेवलं. मग तडकण्याशिवाय लाकडाला वाट उरली नाही.

फट पडलेली फळी त्या फटीवरच कापून पुन्हा डिंकाने जोडता येईल. पट्ट्या लावताना त्यांना डिंक अजिबात नको. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीत लांबट भोक पाडा, फळीच्या रुंदीच्या दिशेने, म्हणजे फळी सरकेल तसा स्क्रूही सरकेल. माझ्या माहेरच्या पाटांना खालच्या पट्ट्या खाचेत सरकवून बसवल्या आहेत, ना खिळा ना डिंक, आणि अजून एकही तडकलेला नाही. जुन्या शहरात चार दरवाजांच्या आतल्या पडणाऱ्या घरांचं सागवान वखारीत मिळतं, पुढच्या चौरंगाला ते बघा. मात्र रंधा मारण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा राहिला असेल तर पात्याची धार तिथेच जाईल.

प्रश्न: संखेड्याचा लाखेच्या कामाचा झोपाळा पाहून लेथ, म्हणजे लाकूड फिरवून गोल घडवायचं यंत्र, घ्यावीशी वाटते. आत्ताच घेऊ?

उत्तर: आत्ता नको. आधी संखेड्याला जाऊन या, इथून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. सागाचा पाय लेथवर फिरत असताना कारागीर त्यावर लाखेची कांडी दाबतो, घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून पसरते, ते डोळ्यांनी बघा. तिथे हत्यार धरायची पद्धत नीट पाहा, आणि घरी पटाशी धारेला आली की मला पुन्हा लिहा.

प्रश्न: पाटाला पॉलिश कोणतं लावू?

उत्तर: ८०, १२० आणि १८० च्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासा, मग पेंटच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल कापडाने पातळ लावा. अर्ध्या तासाने वरचं राहिलेलं तेल पुसून घ्या, एक-दोन दिवसांनी दुसरा हात द्या. पुसलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या एकेक करून बाल्कनीतल्या दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा आणि तशाच बाहेर टाका.