अमेरिकेत पहिलंच हॅलोवीन आहे. घरात कुत्रा आणि मांजर. सजावटीला आणि गर्दीला घाबरतील का? काय काळजी घ्यावी?

न्यू जर्सीत आमचं हे नववं हॅलोवीन. घरी बारा किलोचा बीगल आहे, चिकू, आणि एक मांजर, मनी. पुण्यात लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी पलंगाखाली लपलेला कुत्रा पाहिला असेल, तर इथली भुतं तुम्हाला किरकोळ वाटतील. सांगाडे-कवट्यांना चिकू दोन दिवस भुंकतो आणि मग त्यांच्याच पायाशी झोपतो. खरी भानगड दोनच ठिकाणी होते : घराचं दार आणि पोरांची कँडीची पिशवी.

३१ ऑक्टोबरला अंधार पडायच्या सुमारास मुलं भुताखेतांचे पोशाख घालून दारोदार कँडी मागायला यायला लागतात आणि आठपर्यंत बेल वाजत राहते. दर वेळी दार सताड उघडं. पहिल्या वर्षी मी चॉकलेटं वाटण्यात दंग होते आणि चिकू पायांमधून कधी सटकला ते कळलंच नाही. तीन गल्ल्या पलीकडे एका आजोबांच्या अंगणात सापडला. अंगात मालकाची ओळख पटवणारी चिप होती, पण तिच्या नोंदीत आमचा जुना फोन नंबर! तुमचा नंबर आजच तपासून घ्या. आता आम्ही कँडीचं पातेलं पायरीवर ठेवतो आणि मी तिथेच खुर्ची टाकून बसते, म्हणजे बेल वाजतच नाही. मनी वरच्या खोलीत, दार बंद, वाळूचा ट्रे आत. कुणीच यायला नको असेल, तर बाहेरचा दिवा बंद ठेवा. इथे त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

आता पिशवी. चॉकलेटातलं थिओब्रोमिन, म्हणजे कोकोमधला कॅफिनसारखा एक पदार्थ, कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. त्याने उलट्या होतात, छाती धडधडते, जास्त झालं तर झटके येतात. चिकूएवढ्या कुत्र्याला साध्या मिल्क चॉकलेटच्या सात-आठ छोट्या वड्यांनी त्रास सुरू होऊ शकतो. डार्क चॉकलेट त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतं, आणि केकसाठी वापरतात ते बिनसाखरेचं चॉकलेट तर सगळ्यांत वाईट. पण मला जास्त भीती वाटते ती शुगर-फ्री च्युइंगगमची. त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, असेल तर अर्ध्या तासात कुत्र्याची रक्तातली साखर कोसळू शकते, पुढे यकृतावरही येतं. गोळ्यांचे चकचकीत कागद गिळले तर आतडं अडतं, ते वेगळंच.

आमच्याकडे चिकूने पिशवी गाठली ती १ नोव्हेंबरच्या सकाळी. मुलाने पिशवी पलंगाखाली 'लपवली' होती. बीगलपासून! डॉक्टरांकडे धावलो, त्यांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली. घरी मीठ-पाणी पाजायचा गावठी उपाय चुकूनही करू नका, मिठाचीच विषबाधा होते. वेष्टनं गोळा करा, कुत्र्याचं वजन लक्षात ठेवा आणि लगेच डॉक्टरांना फोन लावा. रात्री-अपरात्री एएसपीसीए या इथल्या प्राणी-कल्याण संस्थेचं प्राण्यांसाठीचं विषबाधा केंद्र उपलब्ध असतं : ८८८-४२६-४४३५. पैसे घेतात, पण सल्ला नेमका देतात.

आपल्या घरांत एक धोका जास्तीचा. हॅलोवीन आणि दिवाळी बहुतेक वेळा मागेपुढेच येतात. २०२४ला तर नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला होती. बेदाणे आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर ते होईल याचा भरवसा नाही. म्हणजे बेसन लाडवावरचा तो एक बेदाणासुद्धा नको. चॉकलेटच्या बाबतीत सगळे सावध असतात. पण 'खाऊ दे गं एक लाडू, सणाचा दिवस आहे' म्हणणारी आजी भारतातून आलेली असेल, तर तिला आधीच सांगून ठेवा.

मांजराला गोड चवच कळत नाही, त्यामुळे मनी कँडीकडे ढुंकूनही बघत नाही. तिचा जीव अंधारात चमकणाऱ्या कांड्यांवर. एकदा तिने कांडी फोडली आणि तोंडाला फेस! घाबरून गेलो होतो. आतला द्रव भयंकर कडू असतो, फेस त्यानेच येतो, सहसा जिवाला धोका नसतो. तोंड धुवायला थोडं दूध किंवा टूनाच्या डब्यातलं पाणी दिलं, ओल्या फडक्याने पुसलं, मग दिवे मालवले. अंगावर जिथे चमकत होतं तिथे पुन्हा पुसलं, नाहीतर चाटून परत तेच. भोपळ्यातही खरी मेणबत्ती नको, बॅटरीचा दिवा लावा. शेपटीला काय कळतंय!

पोशाखाची हौस मलाही आहे. चिकूला पगडी घालतो, नाशिकला सासूबाईंना पाठवायला फोटो काढतो आणि दोन मिनिटांत उतरवतो. तिसऱ्या मिनिटाला तो ती खातो.