ट्रेडलवर (पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर) छापताना काही अक्षरं फिकी आणि काही खोल का उठतात?

अक्षरं फिकी दिसली की लगेच दाब वाढवू नका, खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचा, जीव जातो. खिळ्याची उंची 0.918 इंच असते, पण वापरून झिजलेला खिळा शेजारच्या नव्या खिळ्यापेक्षा बुटका राहतो आणि तिथेच ठसा कमी पडतो. खिळ्याच्या पायाशी कागदाचा कण अडकला असेल तर उलट होतं: तेवढंच अक्षर वर येऊन खोल रुततं. म्हणून आधी फर्मा (चौकटीत आवळलेली अक्षरजुळणी) थोडा सैल करा, तो ज्यावर ठेवतात तो सपाट दगड आणि खिळ्यांचे पाय पुसा, सपाट लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोका आणि मग आवळा.

मग कमी दाबावर एक प्रत काढून ती उलटी करा. तिरप्या उजेडात उठाव बोटालाही जाणवतो. जिथे तो कमी आहे, तिथे यंत्राच्या दाब देणाऱ्या पाट्यावर ताणलेल्या वरच्या कागदाखाली टिश्यूचा तुकडा चिकटवा. एका वेळी एकच थर द्या. हे काम छपाईपेक्षा जास्त वेळ खातं, आणि खातंच.

अक्षरांच्या कडेला शाईची किनार दिसली, तर शाई लावणारे रूळ खाली बसले आहेत किंवा शाई जास्त झाली आहे.

हल्ली लग्नपत्रिकांत आणि व्हिडिओंत दिसणारा खोलगट ठसा जुने मुद्रक दोष मानत. तो हवाच असेल तर 300 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) पुढचा मऊ सुती कागद आणि फोटोपॉलिमर (प्लास्टिकसारख्या पदार्थाची) प्लेट घ्या. शिशाच्या खिळ्यांवर तो प्रयोग नको, त्यांच्या बारीक रेषा चेपतात.