वाचकांचे प्रश्न : नऊ एकांचा वर्ग

प्रश्न : माझ्या मुलीने १११११११११ या संख्येचा वर्ग केला, तेव्हा १२३४५६७८९८७६५४३२१ असे उत्तर आले. एक हा अंक वाढवत गेल्यास हा चढउतार असाच पुढे चालू राहतो का? शिवाय या उत्तरातील अंकांची बेरीज ८१ असून त्याला ८१ ने भागही जातो. तेव्हा ९ च्या कसोटीसारखीच ८१ ची कसोटी मानावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ही सतरा अंकी संख्या इतकी मोठी आहे की भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामे लावल्यास तिचा पहिला १ ‘मध्य’ या स्थानी, म्हणजे परार्धाच्या एकच स्थान अलीकडे येतो. मात्र तिच्या घडणीत गूढ असे काही नाही. उभ्या मांडणीने गुणाकार करताना १११११११११ हीच ओळ प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून नऊ वेळा लिहावी लागते. त्यामुळे उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, असे करत मधल्या स्तंभात नऊ एक जमतात आणि पुढे ते पुन्हा एकेकाने घटतात. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ च्या वर जात नसल्याने हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या स्तंभात १० होतात, हातचा डावीकडे सरकतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. चढणीवरचा ८ त्यात नाहीसा झाला आहे, तो या हातच्यामुळेच.

अशा वर्गांचा समावेश देवळालीचे शालेय शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी आपल्या ‘डेम्लो संख्यां’मध्ये केला होता, डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून हे नाव.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. १८९९९९९९९९ या संख्येच्या अंकांची बेरीजही ८१ च आहे, पण तिला ८१ ने भागल्यास बाकी ९ उरते. अंकांच्या बेरजेवरून ३ आणि ९ एवढ्यांचीच खात्री देता येते. येथे भाग जातो याचे कारण निराळे आहे : १११११११११ च्या अंकांची बेरीज ९ असल्याने तिला ९ ने भाग जातो, आणि म्हणून तिच्या वर्गाला ९ च्या वर्गाने, म्हणजे ८१ ने, भाग जाणारच.

मुलीला आणखी काही करून पाहायचे असल्यास तिने १११११११११ चे मूळ अवयव पाडावेत. ते ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असे येतात. यातील शेवटचा अवयव मूळ संख्या आहे, हे मात्र हाताने पडताळणे चिकाटीचे काम आहे. वर्गात प्रत्येक अवयव दुपटीने येत असल्याने त्याचे एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५ होतात. ही संख्या विषम आहे, कारण विभाजकांच्या जोड्या लावताना वर्गमूळ स्वतःशीच जुळते. तसेच या वर्गाला त्याच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, गुणल्यास ९९९९९९९९९ चा वर्ग, अर्थात ९९९९९९९९८००००००००१, मिळतो.