वाचकांचे प्रश्न : पाण्यात-चिखलात चालणारी गाडी रुतली, विंच कशी लावावी?

पावसाळा संपून धरणांचं पाणी ओसरू लागलं की काठावर गाळाचा पट्टा उघडा पडतो. सहा-आठ चाकांच्या, पाण्यात तरंगणाऱ्या गाड्या नेमक्या याच पट्ट्यात अडकतात. या महिन्यात आलेले प्रश्न बहुतेक त्याच संदर्भातले, म्हणजे विंचबद्दलचे आहेत. विंच म्हणजे मोटरने दोर ड्रमवर (रिळावर) गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र.

प्रश्न : आमच्या गटाकडे सहाचाकी तरंगती गाडी आहे. उजनीच्या काठावर ती पोटावर बसली आणि चाकं जागच्या जागी फिरत राहिली. ३,५०० पौंडांची विंच जवळच्या बाभळीला लावली, तरी गाडी हलली नाही. मोठी विंच घ्यावी का?
— एक वाचक, भिगवण

उत्तर : मोठी विंच घेण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, विंचवरचा आकडा. ३,५०० पौंड म्हणजे सुमारे १,५९० किलो. ही ओढ ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असतानाची असते. वर चढणाऱ्या प्रत्येक थरामागे ती साधारण दहा-बारा टक्क्यांनी घटते. झाड जवळ होतं, म्हणजे बराचसा दोर ड्रमवरच गुंडाळलेला राहिला असणार. चौथ्या थरावर तुम्हाला जेमतेम हजार-अकराशे किलोंची ओढ मिळाली असेल. त्यामुळे शक्य तेव्हा लांबचं झाड निवडा. मात्र सगळा दोर सोडू नका. ड्रमवर तारेच्या दोराचे किमान पाच वेढे राहिले पाहिजेत, आणि सिंथेटिक दोर गुळगुळीत असल्यामुळे त्याचे आठ-दहा.

दुसरी गोष्ट चिखलाची पकड, आणि खरी अडचण हीच आहे. रुतलेली वाहनं ओढताना लष्करात एक ढोबळ हिशेब वापरतात : चाकं रुतली असतील तर वाहनाच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतलं तर दुप्पट आणि त्याहून खोल गेलं तर तिप्पट. गाडी ६०० किलोंची, त्यात दोन माणसं आणि सामान धरून ८०० किलो. तुमच्या गाडीचं बूड सपाट आहे. ते गाळावर चिकटून बसलं की खाली हवा शिरत नाही आणि गाडी उचलू पाहिली की पोकळी तयार होऊन ती खाली ओढली जाते. म्हणून बूड टेकलं की दुप्पट धरा, १,६०० किलो. हातात हजार-अकराशे असताना गाडी हलणं शक्यच नव्हतं.

तिसरी गोष्ट, आतलं पाणी. तळाचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटर धरलं, तर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो. आधी पंपाने ते काढा. बुडाचं बूच काठावर आल्याशिवाय उघडू नका. माणसं आणि सामानही उतरवा.

मग ओढण्याआधी पकड सोडवा. ज्या दिशेला ओढायचं, त्या बाजूच्या चाकांपुढचा आणि बुडाच्या कडेखालचा गाळ फावड्याने काढून उतार करा. मागच्या बाजूने ओढणं शक्य असेल तर आलात त्याच वाटेने मागे ओढा, कारण चाकोरी तिथे आधीच पडलेली असते. बुडाखाली कडेने लांब पाइप किंवा पहार सरकवून हवा-पाण्याला वाट द्या. दोघांनी गाडीची एक कड दाबून, मग दुसरी कड दाबून ती डोलवा. आतून ‘फस्स’ असा आवाज आला की पोकळी फुटली.

एवढं करूनही अडली तर कप्पी लावा. दोर विंचमधून झाडावरच्या कप्पीत घालून हूक परत गाडीच्या सांगाड्यातल्या ओढणीच्या कडीला अडकवायचा. ओढ घर्षण वजा जाता जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो आणि दोर जास्त सुटल्याने ड्रमवरचे थरही कमी होतात. पण झाडावरचा पट्टा आणि शॅकल (पट्टा आणि कप्पी जोडणारी, पिनने बंद होणारी कडी) यांच्यावर दोन दोरांचा भार येतो, तुमच्या विंचला तो ३,१०० किलोंच्या वर जाऊ शकतो. पाऊण इंची बो शॅकल ४.७५ टनांसाठी असते, ती घ्या. अर्ध्या इंचीची मर्यादा दोनच टन, ती इथे चालणार नाही. हूक प्लास्टिकच्या अंगाला किंवा दोरालाच परत अडकवू नका.

ओढत असताना चाकं अगदी हळू फिरू द्या, हँडल सरळ ठेवा. या गाड्या एका बाजूची चाकं रोखून वळतात, त्यामुळे रुतलेल्या जागी वळवायला गेलात की त्या बाजूला खड्डा खणला जातो. चाकं जोरात फिरवली आणि गाडी अचानक पुढे गेली तर दोर ढिला पडतो आणि पुढच्या क्षणी झटका बसतो. दोर बहुतेक अशा झटक्यालाच तुटतो.

हे सगळं करूनही नेहमी ताण येत असेल, तर पुढची विंच ४,५०० पौंडांची घ्या. तिची ओढ तुमच्या गाडीच्या भरल्या वजनाच्या सुमारे अडीचपट असते.

प्रश्न : काठावर झाडच नाही. काय करावं?
— एक वाचक, इंदापूर

उत्तर : मेखा ठोका. लाकडी मेख पाच फूट लांब, तीन इंच जाड हवी. ती तीन फूट आत जाईल अशी, ओढीच्या उलट दिशेला सुमारे १५ अंश कलती ठोका. एकटी मेख चांगल्या पोयट्याच्या जमिनीत साधारण ३२० किलो धरते, म्हणून एका रांगेत चार-चार फुटांवर आणखी मेखा ठोकून पहिलीचं डोकं दुसरीच्या पायाशी आवळून बांधा. दोन मेखा मिळून सुमारे ६३५ किलो, एकामागे एक तीन मिळून सुमारे ८१५. पहिल्या ओळीत तीन, मग दोन, मग एक अशी रचना केली तर १,८०० किलोंपर्यंत जाते. नदीकाठच्या गाळ-वाळूत हे आकडे निम्मे धरा. म्हणून मेखा ओल्या पट्ट्यात न ठोकता वर कोरड्या जमिनीत ठोका आणि लांबीसाठी जोडदोर ठेवा.

मेखा नसतील तर जादा चाक किंवा ओंडका पुरा. खड्डा ओढीला आडवा, जवळपास एक मीटर खोल. पट्ट्यासाठी पुढे अरुंद उतरता चर काढा, नाहीतर पट्टा ओंडक्याला वर उचलेल. कप्पी लावली तर या खुंटावरही दुप्पट भार येतो, हे बांधताना लक्षात घ्या.

प्रश्न : शेजारचा ट्रॅक्टर आणून हिसका द्यावा का?
— एक वाचिका, मुळशी

उत्तर : नाही. ट्रॅक्टर पक्क्या जमिनीवर ब्रेक लावून, चाकांपुढे दगड ठेवून उभा करा आणि विंचला खुंट म्हणून वापरा. हिसक्याने सांगाड्याची कडी उपटते, आणि दोन टनांचा ट्रॅक्टर गाळात उतरला तर तुमच्याकडे रुतलेली वाहनं दोन होतील.

प्रश्न : विंच ओढताना ‘टकटकटक’ आवाज येतो. एकदा तर बटण सोडल्यावरही ती थांबली नाही. कारण काय?
— एक वाचक, वारजे

उत्तर : बॅटरीचा विद्युत दाब (व्होल्टेज) पडतो आहे. या मापाची विंच पूर्ण भाराला दीडशे-दोनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट खाते. गाडीची छोटी बॅटरी तेवढं फार वेळ देऊ शकत नाही. दाब खाली गेला की सोलेनॉइडचे (बटण दाबल्यावर मोटरचा करंट जोडणाऱ्या स्विचचे) संपर्क घट्ट न बसता थरथरतात, ठिणग्या पडतात आणि ते एकमेकांना चिकटतात. मग बटणाचा काही उपयोग उरत नाही.

इंजिन चालू ठेवून थोडा रेस द्या. अर्धा मिनिट ओढा, दोन-तीन मिनिटं थांबा, मोटरला हात लावून पाहा. हात टिकत नसेल तर आणखी थांबा. विंच मागे बसवली असेल तर लांब केबल २५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. बॅटरीलगत हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच बसवा आणि तो कुठे आहे, हे सोबतच्या प्रत्येकाला माहीत असू द्या. चिकटलेलं सोलेनॉइड ठोकून सोडवून पुन्हा वापरू नका, बदला.

प्रश्न : तारेचा दोर बरा की सिंथेटिक? आणि दोरावर गोणपाट खरंच टाकावं लागतं का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : पाण्यातल्या कामाला सिंथेटिक. तो तरंगतो, त्यामुळे पोहत किंवा वल्हवत काठावर नेता येतो, आणि तुटला तरी तारेपेक्षा फार कमी ताकदीने उसळतो. तार ताणाखाली किंचित लांबते आणि तुटताच साठलेली ताकद घेऊन मागे येते. म्हणून ओल्या गोणपाटाचं वजन दोराच्या मध्यावर टाकायचंच, सिंथेटिकवरही. जाड चामडी हातमोजे घाला. दोराच्या रेषेत आणि कप्पीच्या आतल्या कोनात कुणीही उभं राहू नये. मोकळ्या दोराच्या दीडपट अंतरावर सगळ्यांना उभं करा.

तारेवरून सिंथेटिकवर येताना तोंडाशी असलेले रोलरही बदला. तारेने पडलेले ओरखडे नवा दोर कापतात. गुळगुळीत ॲल्युमिनियमची चौकट लावा.

सिंथेटिकचे शत्रू वाळू आणि ऊन. घरी आल्यावर पूर्ण दोर ड्रमवरून सोडा, बादलीत गोड्या पाण्यात चोळून गाळ काढा, सावलीत वाळवा, मग थोडा ताण ठेवून थर लागतील असा गुंडाळा. ढिला गुंडाळला तर पुढच्या ओढीला वरचा वेढा खालच्या थरात रुतून बसतो. विंच पाण्याखाली गेली असेल तर मोटर रिकामी थोडी आत-बाहेर फिरवा, तेवढ्या उष्णतेने आतली ओल निघते. क्लचचा खटका गाळाने जड झाला असेल, तर दोर वाळायच्या आत तोही साफ करून घ्या.